मोटारीची भीति व तिचा उतारा

मोटार चालविण्याचा परवाना देतांना सरकारी परीक्षक उमेदवाराला गाडी पुढें न्यावयास सांगतो, मागें आणावयास सांगतो, रस्त्यावरील खुणांचे अर्थ विचारतो, आणि समाधान झालें म्हणजे त्याला उत्तीर्ण करतो. गाडीचें बॉनेट उघडून आंत काय आहे हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. परिणाम असा होतो कीं, परवाना हातीं पडल्यावर कांहीं दिवसांनीं नवा चालक रस्त्याला भिईनासा होतो; तो भितो स्वतःच्या गाडीला. चालतां चालतां कोठून तरी खडखड ऐकूं आली, समोरच्या फळीवर एखादा दिवा लागला, किंवा पेट्रोलपंपावरील मुलानें "हवा किती भरूं?" एवढा साधा प्रश्न विचारला, तरी त्याची छाती धडधडूं लागते. या भीतीला हंसण्याची रीत आहे. पण ती पुष्कळ घरांत मुकाट्यानें वावरत असते, आणि तिच्यापायीं गाड्या दाराशीं उभ्या राहतात व माणसें घरांत अडकून पडतात.

उदाहरणादाखल पुण्याच्या कोथरूड भागांतील एका शिक्षिकेची स्थिति श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावी. वय पन्नाशीच्या आंतबाहेर. मुलगा नोकरीनिमित्त परदेशीं गेला आणि जातांना आपली मोटार आईकडे ठेवून गेला. बाईंनीं हौसेनें शिकवणी लावली, परवाना मिळविला, शाळेपर्यंत चारदोन वेळां जाऊनहि आल्या. त्यांची वृद्ध आई माणगांवास राहते. तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुण्यास करावयाची ठरलेली. मुळशीवरून ताम्हिणी घाट उतरून गेलें तर माणगांव सुमारें शंभर किलोमीटर. पावसाळा सुरूं होण्यापूर्वीं आईला घेऊन यावें असें बाईंच्या मनांत. परंतु घाटांत पुष्कळ ठिकाणीं मोबाईल मुका होतो, तेथें गाडी अडली तर कोणाला हांक मारावी, या विचारासरशीं तो बेत एका रविवारावरून दुसऱ्या रविवारावर ढकलला जाई. गाडी इमारतीखालीं धूळ खात उभी होती.

आतां, उभी गाडी सुरक्षित असते हाहि एक भ्रमच होय. उभ्या गाडीलाहि दुखणीं जडतात. गाडी बंद असतांना तिचें कुलूप, घड्याळ इत्यादि लहानसहान यंत्रणा बॅटरींतून थोडी थोडी वीज घेत राहतात, आणि गाडी चालल्यावांचून ती तूट भरून निघत नाहीं. टायरांतील हवा हळूहळू उतरते, व सारा भार एकाच जागीं पडून तेथील रबर चपटें होऊं लागतें. पावसाळ्यांत आडोशाला आलेले उंदीर बॉनेटखालीं शिरून तारा कुरतडतात. भीतीनें गाडी उभी ठेवावी, उभी राहिल्यानें ती बिघडावी, आणि ती बिघडल्यामुळें मूळची भीति खरी ठरावी, असें हें चक्र आहे. तें कोठें तरी तोडणें अवश्य आहे.

या भीतीचें मूळ शोधूं गेल्यास तें एका गैरसमजांत सांपडतें. गाडीची काळजी घ्यावयाची तर तिचें सारें यंत्र समजलें पाहिजे. तें समजणें आपल्या आवांक्याबाहेरचें आहे. तस्मात् कशालाच हात न लावावा हें बरें, अशी ही विचारसरणी. परंतु स्वयंपाकघरांत हीच व्यक्ति अशा रीतीनें विचार करीत नाहीं. वाफेचे नियम न शिकतां ती प्रेशर कुकर रोज चुलीवर चढविते. आंत वाफ कोंडलेली असतां झांकण उघडूं नये, रबरी कडें सैल झालें कीं बदलावें, शिटी नेहमींप्रमाणें होत नसेल तर गॅस बंद करावा, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर कुकर दुकानांत न्यावा, एवढें तिला ठाऊक असतें व तेवढें पुरतें. काय पाहावें, काय करूं नये आणि केव्हां जाणत्याच्या स्वाधीन करावें, ही तीन प्रकारची माहिती हातीं असली म्हणजे यंत्र वापरणाराला धास्ती बाळगण्याचें कारण उरत नाहीं. मोटारीलाहि हाच न्याय लागू आहे.

मोटारीच्या इतिहासाचा आरंभच या गोष्टीची साक्ष देतो. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील मानहाइम शहरांतून बेर्था बेंझ ही स्त्री आपल्या दोन मुलांसह, पतीला न कळवितां, त्याच्या तीन चाकी मोटारींत बसून निघाली आणि शंभर किलोमीटरांहून कांहीं अधिक अंतरावरील फोर्ट्सहाइम येथें आपल्या आईकडे पोंचली. पति कार्ल बेंझ यानें ही मोटार निर्माण केली होती. पण तींतून इतका लांबचा प्रवास त्यापूर्वीं कोणी केला नव्हता. वाटेंत पेट्रोलपंप कोठचा? विझलोख गांवच्या औषधांच्या दुकानांतून तिनें लिग्रोइन नांवाचें इंधन विकत घेतलें. इंधनाची नळी तुंबली ती तिनें टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. उघड्या पडलेल्या तारेस मोज्याच्या बंदाचें वेष्टण केलें. ब्रेकचे लांकडी ठोकळे झिजले तेव्हां एका चांभाराकडून त्यांवर चामडें बसवून घेतलें. नळी आणि तार तिनें स्वतः पाहिली. चामड्याचें काम मात्र ज्याचें होतें त्याच्याकडून करविलें. उत्तम चालकाचें सारें शहाणपण या वांटणींत आहे. आजच्या गाडीचें यंत्र त्या वेळेपेक्षां शतपटीनें गुंतागुंतीचें झालें असलें, तरी चालकाच्या वाट्याचें काम उलट फार कमी झालें आहे.

तें काम कितपत आहे, हें कोथरूडच्या बाईंना त्यांच्याच इमारतींत राहणाऱ्या, एस. टी. मंडळांतून निवृत्त झालेल्या एका चालकानें समजावून दिलें. "बाई, किल्ली लावण्याआधीं गाडीला एक प्रदक्षिणा घाला," ते म्हणाले, "निम्मीं दुखणीं ती स्वतःच सांगते." प्रदक्षिणेला दोन मिनिटें पुरतात. चारहि टायर सारखे फुगलेले दिसतात काय, कांहीं रुतलें आहे काय, सर्व दिवे लागतात काय, गाडीखालीं जमिनीवर ओला डाग पडला आहे काय, एवढेंच पाहावयाचें. वातानुकूलन चालवून गाडी उभी केली असेल, तर खालीं स्वच्छ पाण्याचे थेंब पडतात. त्यांत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. काळसर तेलकट किंवा हिरवा, गुलाबी असा रंगीत डाग असेल, तर मात्र गॅरेजची वाट धरावी.

टायरांतील हवेचा प्रश्न बाईंना सर्वांत अधिक सतावीत असे, आणि त्याचें उत्तर त्यांच्याच गाडीच्या दाराशीं छापलेलें निघालें. चालकाच्या दाराच्या चौकटीवर बहुधा एक चिकटपट्टी असते. पुढच्या व मागच्या चाकांत किती हवा हवी याचे आंकडे तींत दिलेले असतात. लहान मोटारींना साधारणतः दर चौरस इंचास ३० ते ३६ पौंड दाब लागतो. परंतु आपल्या गाडीचा आंकडा तोच प्रमाण मानावा. हवा टायर थंड असतांना मोजावी. दूर चालून आल्यावर टायर तापतो व आंतील दाब वाढतो. तो पाहून हवा सोडली, तर टायर निवल्यावर ती कमी पडते. कमी हवेचा टायर चालतांना अधिक दबतो, दबण्यानें तापतो, आणि भर वेगांत फुटण्याची भीति अशा टायरालाच अधिक असते. टायरावरील खांचांच्या तळाशीं १·६ मिलिमीटर उंचीचे लहान उंचवटे असतात. झिजलेलें रबर त्यांच्या पातळीस आलें, म्हणजे टायर बदलण्याची वेळ झाली. रस्त्यावरील पाणी चाकाखालून बाहेर फेकण्याचें काम याच खांचा करतात. सबब पावसाळ्याच्या तोंडावर त्यांकडे लक्ष देणें ही चैन नव्हे.

यानंतर बॉनेट. पुढच्या कप्प्यांत दिसणाऱ्या शेंकडों वस्तूंपैकीं चालकानें ओळखावयाच्या त्या अवघ्या पांच. पहिली, इंजिनांतील तेल मोजण्याची पट्टी. गाडी सपाट जागीं उभी करून, इंजिन बंद केल्यावर कांहीं मिनिटांनीं ती उपसावी, फडक्यानें पुसावी, पुन्हां पूर्ण आंत घालून काढावी. तेलाची रेघ दोन खुणांच्या मध्यें असली कीं झालें. खालच्या खुणेखालीं तेल उतरणें वाईट, तसेंच वरच्या खुणेवर भरणेंहि वाईट. दुसरी, इंजिनाला थंड ठेवणाऱ्या पाण्याची अर्धपारदर्शक टांकी. या पाण्यास कूलंट म्हणतात. त्याची पातळी झांकण न काढतां बाहेरूनच दिसते. इंजिन तापलेलें असतां हें झांकण कदापि उघडूं नये. आंत कुकरप्रमाणेंच दाब कोंडलेला असतो आणि उकळतें पाणी तोंडावर उसळतें.

तिसरी वस्तु म्हणजे ब्रेक ऑईलची लहान डबी. तिच्यांतील पातळी खालीं गेली, तर ब्रेकचे पॅड झिजले आहेत किंवा कोठें गळती आहे असा तर्क करावा, आणि नुसतें वरून तेल ओतून स्वस्थ न बसतां गाडी मिस्त्रीला दाखवावी. चौथी, कांच धुण्याच्या पाण्याची टांकी. ही नवशिक्यानें निर्धास्तपणें भरावी. पांचवी, बॅटरी. तिच्या टोकांवर पांढरट किंवा हिरवट बुरशीसारखा थर सांचला असेल, अथवा सेल्फ मारतांना इंजिन जड आवाजानें फिरत असेल, तर बॅटरी तपासून घ्यावी. तीन ते पांच वर्षांत ती बहुधा बदलावी लागते. विजेवर चालणाऱ्या मोटारींत इंजिनाचें तेल नसतें. परंतु टायर, ब्रेक, वायपर यांची देखरेख तेथेंहि चुकत नाहीं. त्या गाड्यांतील नारिंगी वेष्टणाच्या जाड तारांस मात्र चालकानें स्पर्शहि करूं नये.

समोरच्या फळीवरील दिव्यांनीं नव्या चालकाची जितकी गाळण उडते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशानें उडत असेल. गाडी सुरूं करतांना बहुतेक सर्व दिवे एकदम लागतात व क्षणार्धांत विझतात. ती गाडीनें दिलेली हजेरी होय. प्रत्येक दिवा शाबूत आहे एवढेंच ती सांगते. त्यानंतर जो दिवा विझत नाहीं, किंवा चालतांना नव्यानें लागतो, त्याचा रंग पाहावा. हिरवा व निळा रंग नुसती माहिती देतो. पिंवळा रंग म्हणजे जपून चालवा व लवकर तपासून घ्या. तांबडा रंग म्हणजे सुरक्षित जागा पाहून थांबा. तेलाच्या झारीचें तांबडें चिन्ह चालत्या गाडींत लागलें, तर कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावें. अशा स्थितींत अधिक चालविल्यास अल्पावधींत इंजिन निकामी होऊं शकतें. इंजिनाच्या आकृतीचा पिंवळा दिवा स्थिर असेल, तर सावकाश गॅरेजपर्यंत जातां येतें. तोच लुकलुकूं लागला तर वेग कमी करून थांबावें. या खुणांचा तक्ता गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत असतो. बाईंच्या गाडीची पुस्तिका कप्प्यांत जशीच्या तशी, प्लॅस्टिकच्या वेष्टणांत पडलेली होती. ती त्यांनीं एका दुपारीं वाचून काढली.

पंक्चर झालेलें चाक बदलणें हें काम मात्र वाचून येत नाहीं. तें घराच्या अंगणांत, उजेडीं, घाई नसतांना एकदां हातानें करून पाहावें. गाडी सपाट व टणक जमिनीवर असावी, हँडब्रेक ओढलेला असावा, आणि तिरप्या बाजूच्या चाकाला दगडाची उटी द्यावी. नट आधीं थोडे सैल करावे व मगच जॅक चढवावा. चाक अधांतरीं झाल्यावर नट सैल करूं गेल्यास चाकच फिरतें. जॅक पुस्तिकेंत दाखविलेल्या जागींच लावावा, आणि त्यावर तोललेल्या गाडीखालीं शरीराचा कोणताहि भाग घालूं नये. स्टेपनी बसवून नट समोरासमोरचे असे आळीपाळीनें आवळावे, गाडी खालीं उतरवावी व शेवटचा पिळा जमिनीवर द्यावा. कांहीं नव्या गाड्यांत स्टेपनीऐवजीं पंक्चर बुजविण्याचें साहित्य असतें. आपल्या गाडींत काय आहे, आणि स्टेपनींत हवा आहे कीं नाहीं, हें निघण्यापूर्वींच पाहावें. बाईंनीं हा प्रयोग केला तेव्हां नट त्यांच्या हाताला हालेना; पान्याच्या दांड्यावर पायाचा भार दिल्यावर तो सुटला. पहिल्या खेपेस त्यांस पाऊण तास लागला. परंतु त्या पाऊण तासांत, घाटांत काय होईल या प्रश्नाचें निम्में उत्तर त्यांच्या हातांत आलें. भर रहदारीच्या रस्त्यावर मात्र ही विद्या दाखवूं नये. तेथें गाडी शक्य तितकी कडेला घ्यावी, चारी इशारादिवे लुकलुकत ठेवावे, परावर्तक त्रिकोण बराच मागें मांडावा, माणसांनीं रहदारीपासून दूर उभें राहावें आणि मदत बोलवावी.

राहिला घाट. घाटाविषयीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. चढतांना इंजिन तापतें. उष्णता दाखविणारा कांटा वर सरकूं लागला, किंवा उष्णतामापकाचें तांबडें चिन्ह लागलें, तर वातानुकूलन बंद करून सुरक्षित जागीं थांबावें, इंजिन बंद करावें, निदान अर्धा तास तें निवूं द्यावें आणि टांकीचें झांकण तोंवर उघडूं नये. उतरतांना ब्रेक तापतात. उतारभर पाय ब्रेकवर दाबून ठेवला, तर घर्षणानें ते इतके तापतात कीं त्यांची पकड ढिली पडते. म्हणून ज्या गियरमध्यें तो घाट चढावा लागला असता, त्याच खालच्या गियरमध्यें तो उतरावा. वेग आवरण्याचें पुष्कळसें काम इंजिनच करतें आणि ब्रेक जरूर त्या क्षणासाठीं ताजे राहतात. आपोआप गियर बदलणाऱ्या बहुतेक गाड्यांतहि खालचा गियर धरून ठेवण्याची सोय असते. ती कोठें आहे हें घरींच शोधून ठेवावें. गियर मोकळा टाकून किंवा इंजिन बंद करून पेट्रोल वांचविण्याचा मोह घाटांत प्राणघातक ठरतो.

गॅरेजचीहि अनेकांस भीति वाटते, ती फसविले जाण्याची. तिच्यावर उपाय यंत्रज्ञानाचा नसून भाषेचा आहे. मिस्त्रीपुढें रोगाचें नांव घेऊं नये, लक्षण सांगावें. "ब्रेक गेले" असें म्हणण्यापेक्षां "सकाळीं पहिल्यांदा ब्रेक दाबला कीं पुढच्या डाव्या बाजूनें चिरका आवाज येतो" असें सांगणें अधिक उपयोगाचें. आवाज केव्हां येतो, वळतांना, चढावर कीं खड्ड्यांत, हें टिपून ठेवावें. काम सुरूं होण्यापूर्वीं खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा आणि बदललेला जुना भाग दाखविण्यास सांगावें. यांत अविश्वास दाखविल्यासारखें कांहीं नाहीं. वैद्यापुढें रोगी जसें आपलें दुखणें नीट सांगतो, तसेंच हें आहे. चांगल्या मिस्त्रीला असें गिऱ्हाईक आवडतें. एका वहींत तारीख, किलोमीटरचा आंकडा व केलेलें काम यांची नोंद ठेवली, म्हणजे पुढच्या खेपेस स्मरणाचा भरंवसा धरावा लागत नाहीं.

अर्थात् भीतीची जागा फाजील धिटाईनें घेऊं नये. ब्रेक खोलणें, एअरबॅगशीं चाळा करणें, जळालेल्या फ्यूजच्या जागीं वाटेल ती तार जोडणें, हीं धाडसें जाणत्या घरांतहि घडतात आणि त्यांचीं फळें भीतीपेक्षां कडू असतात. आपली हद्द कोठें संपते हें ज्याला ठाऊक आहे, त्यालाच हद्दीच्या आंत निर्भयपणें वावरतां येतें.

मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यांत कोथरूडच्या बाई पहांटेस निघाल्या. निघण्यापूर्वीं त्यांनीं गाडीला प्रदक्षिणा घातली, तेलाची पट्टी पाहिली, टायरांतील हवा मोजून घेतली, आणि कोणत्या वेळीं कोठें पोंचूं हें शेजाऱ्यांस सांगून ठेवलें. मुळशीचें धरण मागें पडल्यावर मोबाईल मुका झाला, तसा त्यांचा हात कांहीं वेळ चाकावर घट्ट आवळला गेला. उतार लागतांच त्यांनीं गियर खालचा घेतला. इंजिनाचा स्वर चढला, आणि तो चढणारच हें ठाऊक असल्यामुळें त्या दचकल्या नाहींत. माणगांवच्या अलीकडे एके ठिकाणीं थांबून त्यांनीं चारहि टायर न्याहाळले. कोठें कांहीं बिघडलें नव्हतें.

परतीच्या वेळीं आई शेजारीं बसली. गाडी सुरूं होतांना फळीवरचे दिवे एकदम लागलेले अंधुक डोळ्यांना दिसले, तशी तिनें काळजीनें विचारलें, "अगं, हें काय झालें?"

"कांहीं नाहीं, आई," बाई म्हणाल्या, "गाडी हजेरी देते आहे." तोंपर्यंत दिवे विझले होते.